दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं

आमच्या घरी व्हिडिओ गेमची कॅसेट तांदळाच्या पिंपात असायची. रेवसच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. हवेतच मीठ. कॅसेट चार दिवस बाहेर राहिली की तिच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरायचा, आणि मग फुंकून फुंकून गाल दुखले तरी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मीठ सुटं राहावं म्हणून आई बरणीत तांदळाचे दाणे टाकायची. तिनेच एक दिवस कॅसेट फडक्यात गुंडाळून पिंपात खुपसली. तेव्हापासून खेळायचं म्हणजे आधी कोपरापर्यंत हात तांदळात घालायचा. आजही शहरातल्या माझ्या स्वयंपाकघरात नव्या तांदळाची पिशवी फोडली की त्या वासाबरोबर कानात एक छोटी धून वाजते. चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई आहे मी. वाजते तर वाजते.

बालपणाचा विषय निघाला की लोक विटीदांडू आणि करवंदं काढतात, आणि व्हिडिओ गेमचं नाव घेतलं की तोंड वाकडं करतात. मला या लोकांचा राग येतो. करवंदं मीही खाल्ली, खाडीत मीही डुंबले. पण डोळा लागता लागता मला जे दिसतं ते करवंदाचं जाळं नसतं. काळा पडदा दिसतो, त्यावर विटांच्या छोट्या भिंती, आणि तळाशी, अगदी मधोमध, भिंतीच्या आडोशाला बसलेला एक पक्षी.

तो खेळ काकांनी आणला होता. बाबांचे धाकटे भाऊ गोदीत कामाला होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येताना त्यांनी खोका मांडीवरच धरून आणला, खाली ठेवला नाही, असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगत. कॅसेटवर शेकडो खेळांची नावं होती आणि आत खरे खेळ पाच-सहाच. बाकी तेच, नाव बदलून. आम्ही आनंदाने फसलो. त्यातला मोटारसायकलचा खेळ मला फार आवडायचा. त्यातला रस्ता संपायचाच नाही. डाव्या हाताला डोंगर, मग संध्याकाळ, मग पुन्हा डोंगर. दुपारी खिडकीतून खारा वारा यायचा, माझे डोळे मिटायला लागायचे आणि गाडी आपली चाललेली असायची. कुठे जाते हे मला कधीच कळलं नाही, आणि कळावं असं वाटलंही नाही.

पण आमच्या घराचा खेळ म्हणजे रणगाड्यांचा. वरून शत्रूचे रणगाडे उतरत येतात, विटा फोडत खाली सरकतात. तळाच्या पक्ष्याला गोळा लागला की खेळ खलास. तुमचा रणगाडा शाबूत असला तरी खलास. दोघांनी मिळून खेळायचा. पहिल्या रिमोटचा रणगाडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. पहिला रिमोट माझा, कारण मी घरातली एकुलती एक आणि हट्टी होते. दुसरा बाबांचा.

बाबा शेतकरी. आमची शेतं खारी, म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये मातीचा बांध. जमीन भरतीच्या पाण्याहून खाली. बांध आहे तोवर भात आहे. बांधाला खांड पडली, पाणी आत आलं, की त्या वर्षीचं पीक गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही मातीतलं मीठ निघत नाही. म्हणून गावाचा एक रिवाज होता. खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. खांड कुणाच्याही शेतासमोर पडलेली असो. जेवत असाल तर हात धुऊन, आजारी असाल तर भावाला पाठवून. आमच्या घरातून बाबा. त्यांना पर्याय नव्हता, कारण मी मुलगी. मी एकदा मागे लागले होते तेव्हा ते म्हणाले होते, "पोरींचा काम न्हाय त्या."

असा माणूस तो खेळ कसा खेळणार? तसाच खेळला. हिरवा रणगाडा पक्ष्याच्या भिंतीपाशी उभा. तो तिथून हलायचा नाही. मी एकटी वर जाऊन लढायचे, मरायचे, चिडायचे.

"बाबा, तुमी म्होरं या ना."

"म्होरं तू जा. मी बांध बगतो."

ते भिंतीला बांधच म्हणत. खेळात निळं पाणीही होतं, त्यावरून रणगाडा जात नसे. बाबा त्याच्याकडे बघून म्हणत, "बरा पानी हाय. भरती न्हाय, ओहोटी न्हाय."

आणि मध्येच पडद्यावर बक्षिसं उगवायची. तारा घेतला की तोफ जोरात चालते, बॉम्ब घेतला की सगळे शत्रू एका दमात नाहीसे. शहाणी पोरं तारा घेतात. त्यातच एक फावडं असायचं. ते घेतलं की पक्ष्याभोवतीची फुटकी भिंत पुन्हा उभी राहते आणि थोडा वेळ दगडासारखी पक्की होते. फक्त फावडं दिसलं की बाबांचा रणगाडा जागा सोडायचा. मग ते शत्रूच्या तोंडासमोरून जात आणि हमखास मरत. गावातल्या सगळ्याच घरांत ही गत होती. मोठी माणसं फावड्यापायी जीव घालवायची आणि पोरं कपाळाला हात लावायची. अलिबागहून सुट्टीला आलेला एक मुलगा आम्हाला हसला होता. म्हणाला, "तुम्ही कधीच जिंकणार नाही." बरोबरच बोलला. आम्ही कधीच फार पुढे गेलो नाही.

भिंत पुन्हा विटांची झाली की मला वाईट वाटायचं. बाबांना नाही. "बांद काय जन्मभर टिकतो? परत घालाचा."

गणपतीच्या आधीची अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडे भरती भर दुपारी असते आणि उधाण मोठं. शेतात भात पोटरीवर आलेलं, कणसं बाहेर पडायची बाकी. आम्ही खेळत होतो. त्या दिवशी मी चांगली खेळत होते, आजवर गेलो नव्हतो इतके पुढे आलो होतो. आणि बाहेरून हाक आली. खांड पडली होती.

बाबांनी रिमोट खाली ठेवला. आता हिरवा रणगाडा उभाच राहणार आणि मरणार, हे मला दिसलं. मी ओरडले, "थांबवा!" ते दाराआडचं फावडं घेत म्हणाले, "माज्याकडं थांबाचा बटन न्हाय. तू थांबव. बंद करू नको, आलोच."

खरंच, दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं. ते फक्त पहिल्याला. मी ते दाबलं. गोळे हवेत थांबले. मधोमध थांबल्याची अक्षरं लुकलुकायला लागली, आणि हिरवा रणगाडा भिंतीशी उभा राहिला.

मी त्याच्यासमोर बसले. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती तेव्हा. वीज गेली, वायर हलली, की सगळं गेलं. आणि बसल्या बसल्या माझ्या मनाने ठरवूनच टाकलं की इथली भिंत पडली तर तिथलीही पडणार. कुणी मला असं सांगितलं नव्हतं. बाबा छातीभर पाण्यात उभे असतील हे मला माहीत होतं, आणि मला करता येण्यासारखं एवढंच होतं. अ‍ॅडॅप्टर तापला की मी त्याला सुपाने वारा घालायचे. उधाणाचा आवाज घरापर्यंत येत होता, एकसुरी, दूर कुणी जातं ओढत असल्यासारखा. पडद्यावरची अक्षरं दिसायची, विझायची. मध्ये मला झोप लागली असावी, कारण मला दिसलं की बाबा हिरवे आहेत आणि विटांपाशी उभे आहेत, आणि पाणी त्यांच्याकडे बघून थांबलंय.

आई दोनदा येऊन म्हणाली, "बंद कर ती टीव्ही, जेव." तिसऱ्यांदा ती दारात उभी राहिली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. आमच्या घरी टीव्ही चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज उडायचा. थोड्या वेळाने मला आतून वरवंट्याचा आवाज आला. मिक्सर घरात असताना आई पाट्यावर वाटण वाटत होती.

ओहोटी लागल्यावर खांड बुजवता येते, तोवर नुसतं पाण्याला आडवं उभं राहायचं. बाबा दिवेलागणीला आले. कानापर्यंत चिखल. "बुजली," म्हणाले, आणि माझ्याशेजारी बसले, अंगावरचा चिखल न धुता. दुसरा रिमोट उचलला. "कुटं होतो?" मी स्टार्ट दाबलं. दोन मिनिटांत आम्ही हरलो. मी रडले, हरले म्हणून नाही. बाबांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी समजूत काढली नाही. रिमोटच्या बटणांत त्या दिवशी गेलेला चिखल पुढे कधी पुरता निघाला नाही.

मग मी शिकले, शहरात गेले, आणि एकटी नव्हते जाणारी. घरटी एक माणूस कंपनीत गेला, कुणी मुंबईला, कुणी ट्रक घेतला. काही वर्षांनी असंच उधाण आलं, हाक गेली आणि बांधावर म्हातारी माणसं जमली, तीही थोडीच. ती खांड बुजली नाही. आमच्या शेतात आता खाऱ्या पाण्यातली तिवरं आहेत, उंच, हिरवीगार, त्यांच्यात बगळे बसतात. सुंदर दिसतं. मला ते बघवत नाही. बाबांकडे उरलंय घरामागचं जिताडा माशांचं एक तळं आणि त्यापुरता बांधाचा तुकडा.

माझी लेक आज जे खेळ खेळते त्यांत काहीच गमावत नाही. मेली की मागच्या वळणावरून पुन्हा सुरू. मी तिला नावं ठेवत नाही. फक्त ती कधी कुणासाठी थांबवून बसत नाही, आणि मला ती बसून राहिलेली दुपार माझ्या सगळ्या परीक्षांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. इस्पितळाच्या बाहेरच्या बाकड्यांवर मी कशी बसते ते नवऱ्याला विचारा.

या वर्षी त्याच अमावस्येच्या आधी आईचा फोन आला. "ये तू. तुजा बाप या वयात फावडं घेऊन बांदावर जातो. मागल्या उधाणाला पडला, तुला सांगितला न्हाय. मना आवरत न्हाय तो." मी रजा टाकली. ठरवूनच गेले की उधाण उतरेपर्यंत त्यांना घरात बसवायचं, आणि कसं ते मला माहीत होतं. ट्रंकेतून जुना खोका काढला. अ‍ॅडॅप्टर नवा आणला. कॅसेट अजून पिंपात होती, आईने तिच्याभोवतीचं फडकं तेवढं बदललेलं. चपट्या टीव्हीला त्या जुन्या वायरींची भोकं अजून असतात, हे कळल्यावर मला उगाचच भरून आलं. एक फुंकर मारली. धून वाजली.

बाबांनी सवयीने दुसरा रिमोट उचलला. मी तो काढून घेतला आणि पहिला त्यांच्या हातात दिला.

"तुमी म्होरं जा. बांध मी बघते."

ते कुरकुरले, पण गेले. पिवळा रणगाडा चाचपडत वर सरकला. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच पडद्याच्या माथ्याला पोचले आणि म्हणाले, "वर एवडाच हाय?" मग फावडं उगवलं. मी तोंड उघडायच्या आत ते निघाले, आणि या खेपेला मेले नाहीत. भिंत दगडाची झाली. ते लहान मुलासारखे हसले. माझी युक्ती चालली होती, ते उधाण विसरले असं मला वाटलं.

बाहेर पाण्याचा आवाज बदलला. मला तो कळला नाही, त्यांना कळला. त्यांनी रिमोटकडे बघितलं, अंगठ्याने शोधलं आणि स्टार्ट दाबलं. सगळं थांबलं.

"बंद करू नको, आलोच," ते म्हणाले आणि दाराआड हात घातला.

अडवायला मी इतक्या लांबून आले होते. वाक्यंही तयार होती, वयाची, डॉक्टरांची, तुटक्या हाडांची. पण अंगणात ते क्षणभर उभे राहिले आणि त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, कुठल्या घरातून कोण निघतंय ते बघायला. कुणीच निघालं नव्हतं. तेवढ्याने माझी सगळी वाक्यं गेली.

मी दुसरा रिमोट ठेवला आणि परसातलं जुनं फावडं घेतलं.

"पोरींचा काम..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. माझ्या पायांकडे बघितलं. "चपला हितंच काढ. चिखलात ऱ्हाणार न्हाईत."

मी चपला दारात काढल्या. मागे वळून बघितलं तर आई टीव्हीसमोर उभी होती, अक्षरं लुकलुकत होती. आता वायरिंग नवं आहे, मिक्सरने काही होत नाही, हे तिला ठाऊक आहे. आम्ही तळ्याच्या वाटेला लागलो तेव्हा मागून, परसातून, पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज यायला लागला होता.