नव्या डिस्कवरचं कुंकू

फोन आला तेव्हा मी कोलंबी साफ करत होते. सकाळचे आठ वाजून गेले होते. माझे हात बरबटलेले, म्हणून फोन आईने उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मिलिंद हाय. रडतंय का हसतंय, कलत नाय." मी तशाच हातांनी फोन कानाला लावला. नितेशची बाइक पावण्याच्या वळणावर घसरली, हॉस्पिटलात नेलंय, तुम्ही या, एवढंच मिलिंद बोलला. "शुद्धीवर आहे ना?" मी विचारलं. तो परत "तुमी या" एवढंच म्हणाला... माझा धाकटा भाऊ गेला, हे मला तेव्हाच कळलं. तरी हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत मी आईला "पाय मोडलाय, दुसरं काही नाही" असंच सांगत राहिले. याला आता सात आठवडे झाले.

नितेश माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे शिरवण्यातल्या आमच्या घरात त्याच्या प्रगतिपुस्तकावर सह्या मी केल्या आणि कानही मीच पिळले. मोठा झाल्यावर तो पावण्याच्या एका कारखान्यात तयार भागांची मापं तपासायच्या खात्यात लागला आणि आमच्या डोक्याला ताप झाला. मापं तपासायची सवय घरीसुद्धा सुटेना. "ताई, आजची चपाती एका बाजूला जाड आहे." मी म्हणायचे, मेल्या, बायको आण आणि तिच्या चपात्या मोज. लग्नाचा विषय निघाला की तो फडकं घेऊन बाइक पुसायला जायचा. स्पोर्ट्स बाइक होती, निळी, कोणाची तरी वापरलेली, पण त्याने ती अशी ठेवली होती की गल्लीतले लोक नवीनच समजायचे. तेहतीस वर्षांचा घोडा आणि त्या बाइकशी बोलायचा. मी स्वतः ऐकलंय.

गेले काही महिने ब्रेक दाबला की तिचं हँडल थरथरायचं. पुढच्या चाकाच्या दोन्ही डिस्क, म्हणजे ब्रेकच्या पोलादी चकत्या, वाकल्यात, असं निदान त्यानेच केलं. मग कंपनीच्या डिस्क न घेता बाहेरच्या, जास्त चांगल्या म्हणे, त्या मागवल्या. रविवारी सकाळी आमच्या अंगणात तो आणि मिलिंद त्या बसवायला बसले. मिलिंद म्हणजे त्याचा आयटीआयपासूनचा मित्र. त्याचे आईवडील मराठवाड्यातून आले, आणि आता पावण्यात त्याचं स्वतःचं लोखंड कातायच्या लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दोघांचं काम बघत मी ओट्यावर लसूण सोलत होते. आधीचे बोल्ट काढले, डिस्क बसायची जागा काचकागदाने घासून साफ केली, नवीन बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मग नितेशने कारखान्यातून आणलेलं घड्याळासारखं माप डिस्कला टेकवून चाक हळूहळू फिरवलं. काटा जरासुद्धा हलला नाही तेव्हा त्याच्या तोंडावर जे हसू आलं ना... आमच्या घरात दहावीच्या निकालालाही तसं हसू आलं नव्हतं. "ऑपरेशन झालं का डॉक्टर?" मी विचारलं. "झालं. पण ताई, डिस्कला हात नको लावू हां," तो म्हणाला. मला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक! लहानपणी नव्या कंपासपेटीलाही तो मला हात लावू द्यायचा नाही.

आता पुढचं लिहिताना हात जड होतोय, पण तेच लिहायला बसलेय. आमच्या घरात कुंकू लागल्याशिवाय कुठलीही वस्तू चालू होत नाही. मिक्सर असो, पाण्याचा पंप असो, वडील होते तेव्हा त्यांच्या होडीचं इंजिन असो. दोघं हात धुवायला नळावर गेले तशी मी देवघरातून कुंकू आणलं. त्या चकचकीत पोलादावर कोरडं कुंकू धरणार नाही, म्हणून वाटीत खोबरेल तेल घेऊन चांगलं कालवलं. आणि दोन्ही डिस्कवर, गुळगुळीत भाग बघून, बोटभर ठसठशीत कुंकू लावलं. ओलं कुंकू थोडं ओघळलंही. नितेश परत आला, बघितलं आणि क्षणभर उभाच राहिला. मला वाटलं, भरून आलं असेल पोराला. "झालं?" त्याने विचारलं. "झालं. आता जा कुठे उंडारायचं तिथे," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

नवीन डिस्क लगेच जोरात वापरायची नसते म्हणे. डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसेपर्यंत सांभाळून ब्रेक मारायचे. "नवीन जोडपं आहे ताई, पहिले दिवस भांडण नको," असं तो मला समजावत होता. मी म्हटलं, त्यांचं जमवतोस, स्वतःचं कधी जमवणार? चार दिवस तो नेहमीपेक्षा लवकर निघाला, हळू चालवता यावी म्हणून. पाचव्या दिवशी तो फोन आला.

स्मशानात मी मिलिंदची कॉलर धरली. माझा स्वभाव तापट, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी हद्द केली. "तूच बसवलेस ना ते ब्रेक? खाल्लास माझा भाऊ!" चारशे माणसांसमोर ओरडले. मिलिंद हात जोडून उभा राहिला. मला तेव्हा त्याचं गप्प राहणं कबुलीच वाटलं. बाराव्याला तो आला नाही. त्याच दिवशी जेवणं झाल्यावर माझा एक चुलतभाऊ बाहेर कोणाला तरी सांगत होता, सहज, पान खात, "अरे, डिस्क लय नाजूक काम. नुसतं तेलाचं बोट लागलं तरी ब्रेक पकडत नाय." माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी तो नीट खाली ठेवला, मोरीत गेले आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी कुंकवाची कोयरी माळ्यावर टाकलीय. केसांना तेल लावलेलं नाही. आई विचारते, डोकं सुकलंय गो तुजं, काय झालंय. काय सांगणार? रस्त्यावर कोणाचा ब्रेक करकरला की माझ्या उजव्या हाताचं ते बोट आपोआप मुठीत जातं. भाजी निवडताना, बँकेत सही करताना मला ते ओघळलेलं कुंकू दिसायचं आणि नितेश तिथे उभा दिसायचा, काही न बोलता, त्या दिवशी उभा होता तसाच. मी मनात त्याच्याशी भांडायचे. अरे बोलला का नाहीस? एरवी चपातीवर बोलतोस आणि जिवावर बेतणाऱ्या गोष्टीवर गप्प? आईसमोर मान वर करून बसणं मला जमेना. ज्या लेकराला मी वाढवलं त्याला मीच... हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात शेवटी पावण्याला गेले. मिलिंद लेथवर होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं, स्टूल पुसून दिलं. मी बसले नाही. "मिलिंद, मला खरं सांग. त्या डिस्कला मी तेलातलं कुंकू लावलं होतं. त्याने ब्रेक गेला ना?"

त्याने हातातलं फडकं लेथवर टाकलं. "ताई, तुमी एवढे दिवस हे घेऊन बसलात?"

"उत्तर दे."

"तुमी आत गेल्यावर त्याने सगळं पुसलं. क्लीनरने दोनदा धुतलं. पॅडला लागलं नव्हतं, तेपण बघितलं. मला बोलला, ताईला सांगू नको, प्रेमाने लावलंय तिने."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

मिलिंद मागे गेला आणि नितेशचं पुढचं चाक घेऊन आला. पोलिसांकडून बाइक सुटल्यावर त्यानेच ती आणून ठेवली होती. डिस्कची बाहेरची कडा, जिथे पॅड घासतो, ती स्वच्छ होती. पण मधल्या काळ्या भागावर, जिथे ब्रेकचा काही संबंध येत नाही, तिथे धुळीखाली लाल ठसा होता. "इथे लावलं त्याने परत," मिलिंद म्हणाला, "तुमच्या वाटीतलंच. बोलला, ताईचं कुंकू राहायला पाहिजे." ठसा माझ्या बोटाचा नव्हता. रुंद अंगठ्याचा होता आणि त्यातून एक तिरकी रेघ गेली होती. सातवीत असताना नितेश बोंबील साफ करायला बसला आणि विळीवर अंगठा कापून घेतला, त्याची रेघ. ते टाके पडताना त्याला मीच मांडीवर धरलं होतं.

"मग झालं कसं?"

"वळणावर डंपरची रेती सांडलेली. समोर कुत्रा आला. वॉचमनने बघितलं. ब्रेक लागला ताई, एकदम बरोबर लागला. खाली रेतीत टायरने रस्ताच धरला नाही."

"आणि स्मशानात तू गप्प का राहिलास रे?"

"तुमाला कोणावर तरी ओरडायचं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्यावर ओरडा."

मी त्याचे पाय धरायला वाकले, त्याने धरू दिले नाहीत. मग मात्र मी त्या स्टुलावर बसून रडले, लेथशेजारी, लोखंडाच्या किसात पाय ठेवून.

मिलिंदने चाकातून काढून दिलेली ती डिस्क मी घरी घेऊन आले. आईला सगळं सांगितलं, कुंकवापासून कुत्र्यापर्यंत. ती ठशाकडे खूप वेळ बघत बसली. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. मलाही वाटेल. पण त्या दिवसापासून मला नितेश दिसेनासा झालाय. दोष माझा होता तोवर तो दिवसभर माझ्यासमोर उभा असायचा...

शेवटी आईने डिस्क माझ्या हातात परत दिली. "तुजी चूक नाय. मिलिंदची नाय. त्याची पन नाय," ती म्हणाली. "मंग आता मी कोनाला शिव्या घालू गो?"