आत्याचे सरदार

आमच्या आत्याला बसून वाचता येत नसे. कादंबरी हातात आली की ती उठायची आणि घाटकोपरच्या आमच्या ब्लॉकमध्ये हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा तिच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. नायक-नायिकेचं बरं चाललेलं असलं तर चाल संथ. भांडण झालं की सपातांचा आवाज वाढायचा. गैरसमजाचं प्रकरण आलं की ती हमखास टीपॉयला ठेचकाळायची आणि पुस्तकातल्या नायिकेवरच ओरडायची, "अगं, तोंड आहे ना तुला? मग सांग ना त्याला!"

वाचायची फक्त प्रेमकथा. काही पेशवाईतल्या, ज्यात सरदार मोहिमेवर गेलेला आणि मागे ती झुरत बसलेली. काही आजच्या, ज्यात कडक मॅनेजर आणि नवीन लागलेली मुलगी. वाचनालयातून आणलेल्या पुरायच्या नाहीत म्हणून मोबाइलवरही भागाभागांनी वाचायची. पुढचा भाग वेळेवर आला नाही की डाळीला फोडणी देतादेता फोन बघायची. "परवापासून त्याला पुलावर उभं करून ठेवलंय गं हिने. लेखिकेला काही काळजी?"

ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. आधी आजोबांचं आजारपण, मग आजीचं, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढलाच नाही. ती आमच्याकडे, म्हणजे तिच्या मोठ्या भावाकडेच राहिली. माझ्या बाबांना तिच्या वाचनाची लाज वाटायची. पाहुणे आले की ते तिच्या कादंबऱ्या वर्तमानपत्राखाली सरकवायचे.

"या वयात हे काय वाचतेस सुलू?"

"या वयात तू क्रिकेट बघतोसच ना? तुला घेणार आहेत का टीममध्ये?"

पाठककाका आमच्या आयुष्यात आले ते अशाच एका सरदारामुळे. जहाजकंपनीतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घर बोरिवलीला. घाटकोपरला मुलीकडे आले की आमच्या वाचनालयात येऊन बसायचे. आत्याला हवी असलेली कादंबरी एकदा त्यांनी आधी नेली. आत्याचा जीव थाऱ्यावर राहीना. वाचनालयातल्या बाईंकडून नंबर मिळवून तिने सरळ फोन लावला.

"किती पानं राहिलीत तुमची?"

"अर्धं झालंय. सरदार जखमी झालाय."

"अहो, ते मला सांगू नका!" म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. "जखम खोल आहे का, एवढंच सांगा."

पुढे ते फोन रोजचे झाले, मग भेटीही. पाठककाकांना प्रेमप्रकरणात फारशी गोडी नव्हती, त्यांना लढायांत रस. सरदाराने घोडा कुठून नेला यावर दोघं बागेतल्या बाकावर तावातावाने भांडायची. आणि त्याच बाकावर एक दिवस काका म्हणाले, "आपण लग्न करू या का?"

आत्या घरी आली ती घामाघूम होऊन. मला बाल्कनीत ओढून म्हणाली, "एवढंच म्हणाले गं. मागेपुढे काही नाही. भेळ खात होतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"बघते म्हटलं."

त्यानंतर तिचं वाचन थांबलं. मिटलेलं पुस्तक हातात धरून ती येरझारा घालायची. भाजी करपायची, गॅस चालू राहायचा. मी विचारलं तर म्हणाली, "पुस्तकातल्या बायकांना मी इतकी अक्कल शिकवते. स्वतःवर आलं तर तोंडच उघडत नाही बघ."

शेवटी तिने बाबांना सांगितलं. बाबा भडकले. "त्रेसष्टाव्या वर्षी लग्न? लोक हसतील. त्या पुस्तकांनी डोकं फिरवलंय तुझं!"

"पुस्तकांनी नाही रे दादा," आत्या शांतपणे म्हणाली. आवाज शांत होता, पण ओढणी पिळून पिळून तिने तिची दोरी केली होती. "इतकी वर्षं मी या घरात आहे. तुला काय हवंय, असं मला विचारणारा हा पहिला माणूस आहे."

लग्नाच्या नोंदणीला आई आणि मी गेलो, बाबा नाही. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हाही ते पेपर वाचत होते. "दादा, येते," ती म्हणाली. पेपर खाली आला नाही.

मी बोरिवलीला जायचे. परत आले की बाबा पेपरातूनच विचारायचे, "तिकडे पाणी येतं का नीट?" किंवा "लिफ्ट चालू असते ना? तिचे गुडघे दुखतात." तुम्हीच चला ना, म्हटलं की उठून आत जायचे. अशी दोन वर्षं गेली.

मग आत्याच्या पोटातलं दुखणं निघालं, आणि ते शेवटचंच होतं. हॉस्पिटलमध्ये सलाइन लावून पडून राहणं तिला सोसेना. पाय सारखे चादरीखाली हलायचे. डोळ्यांपुढे अक्षरं ठरेनात, म्हणून दुपारी मी तिला पेशवाईतली एक नवी कादंबरी वाचून दाखवायला लागले. एकदा वाचतावाचता मान वर केली, तर दाराशी बाबा उभे. मी थांबले. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "थांबू नकोस. वाच."

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसमधून निघायला उशीर झाला. धावतपळत वॉर्डात पोचले, तर आतून बाबांचा आवाज. सोसायटीची नोटीस वाचावी तशा सुरात ते वाचत होते, "त्याने तिचा... हात हातात घेतला. ती... लाजली." शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. आत्याच्या पायाशी पाठककाका ओठ घट्ट मिटून बसले होते.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून हसून. "दादा," ती म्हणाली, "जरा प्रेमाने वाच की रे!"

बाबांनी घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग रोज बाबाच वाचायला लागले. मी नुसती ऐकायला जायचे.

पुस्तक संपायच्या आत आत्या गेली.

दिवस झाल्यावर बाबा आणि मी बोरिवलीला गेलो. पाठककाकांनी चहा केला. कादंबरी टेबलावर पडली होती, शेवटची दोन प्रकरणं राहिलेली. बाबांनी ती उचलली, चष्मा लावला.

"वाचू?"

"जरा मोठ्याने वाचा," काका म्हणाले, "मला कमी ऐकू येतं."

मी कप विसळायला आत गेले आणि नळ बंद करून तशीच उभी राहिले. बाहेर सरदार मोहिमेवरून परत आला होता. तिने दार उघडलं होतं. तिथे बाबांचा आवाज अडकला. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, पुढच्या ओळीपासून. मग ते अडकले, तेव्हा पुन्हा बाबा.