प्लेनोतलं पातेलं

मनोहर झांबरे टेक्सासातल्या प्लेनोत म्हातारा झाला, पण अजूनही कुणाच्या घरी गेला की आधी स्वयंपाकघरात डोकावतो. माणदेशातला गडी. टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरी झाली, रिटायर झाला, दोन्ही गुडघे बदलून झाले. मग करायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी काढलेल्या ‘वसुधा फाउंडेशन’च्या कमिटीवर जाऊन बसला. फाउंडेशनचं काम एकच, आफ्रिकेतल्या गावांना विकासासाठी ग्रँट द्यायची. अर्ज मागवायचे, चवीनं वाचायचे आणि बहुतेक नाकारायचे.

कमिटीत तिघं. अध्यक्ष डॉक्टर नरेंद्र, हृदयाचे डॉक्टर. कुठलाही अर्ज आला की पेशंट तपासल्यासारखा तोंड पाडून बघायचे. दुसरी सुचित्रा, मोठ्या कंपन्यांना सल्ला देणारी. भिंतीवर स्लाइड पडल्याशिवाय तिचं तोंड उघडायचं नाही. आणि तिसरा आपला मनोहर.

त्या वर्षी मलावीतल्या एका गावाचा अर्ज आला. तिथल्या महिला मंडळाच्या प्रमुख एस्नाथ फिरी यांनी लिहिलं होतं, ‘पाच मोठी पातेली, ढवळायचे पळे आणि दोन ताडपत्र्या पाहिजेत. लग्नाला, मयताला सगळं गाव जेवतं. भांडी शेजारच्या गावाकडून आणावी लागतात आणि ते गाव दर वेळी ऐकवतं. कापणी झाली की लग्नं निघतील, त्याआधी मिळाली तर बरं.’

मनोहर खुर्चीत सरळ झाला. घरात मयत आणि आपण परगावच्या दारात पातेलं मागायला उभे, हे त्यानं लहानपणी बघितलं होतं. त्यानं कमिटीला न विचारता एस्नाथबाईंना फोन लावला आणि सांगून टाकलं, “तुमचं काम झालंच समजा.” इथंच त्याची मान अडकली.

मीटिंगमध्ये तो म्हणाला, “देऊन टाका. ह्यात इचार तो काय करायचा?”

“मनोहरकाका, पण ह्यात डेव्हलपमेंट कुठंय?” सुचित्रा म्हणाली. “पातेलं म्हणजे काय प्रोग्रॅम आहे का? इम्पॅक्ट कसा मेझर करणार?”

“जेवलेली माणसं मोज की.”

“ती आत्ताही जेवतातच.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “पायलट करू. आधी लहान प्रमाणात करून बघायचं, हा आपला नियमच आहे.”

मलावीत जाऊन पायलट करायला वेळ नव्हता. म्हणून तो प्लेनोत करायचा ठरला. मनोहरच्या गल्लीत एक मोठं पातेलं ठेवायचं आणि त्यानं माणसं जवळ येतात का ते बघायचं. आली, तर मलावीला ग्रँट. हे तिघांनीही न हसता ठरवलं.

हॉटेलवाल्यांच्या दुकानातून पातेलं आलं. पाडसाला आंघोळ घालता येईल एवढं. शुभाकाकू, म्हणजे मनोहरची बायको, दारात आली.

“अहो, हे आत यायचं नाही.”

“ईल की. जरा तिरकं धर.”

“मी कशाला धरू? तुमचं डोकं तिरकं झालंय, तेवढं सरळ करा आधी.”

पातेलं बाहेर ड्राइव्हवेवरच राहिलं. ती गल्ली अशी की गॅरेजचं दार उघडायचं, गाडी गिळायचं आणि मिटायचं. शेजारी कोण राहतं, हे कुणाला ठाऊक नाही. पाऊस पडला, पातेलं भरलं, आणि कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस आली, ‘आपण अनधिकृत तलाव बांधला आहे.’ मनोहरनं पातेलं पालथं घातलं. दुसरी नोटीस आली, ‘आपण अनधिकृत घुमट बांधला आहे.’

तेवढ्यात समोरचा डेल आला. उंचापुरा टेक्सन गडी. एवढी वर्षं नुसता लांबून हात हलवायचा. त्याला क्रॉफिश उकडायचे होते, म्हणजे विंचवागत दिसणारे लाल झिंगे. घेऊन गेला. घासून परत आणून दिलं. पुढच्या शनिवारी कोपऱ्यावरची हिमानी सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी न्यायला आली. तिनं आत वाकून नाक लावलं आणि गल्लीत कालवा उठला.

“काका, हे झिंग्यांचं भांडं आहे! ह्यात प्रसाद करू?”

डेल धावत आला. “दोनदा घासलंय मी! वास येतच नाही!”

“येतोय!”

“नाही येत!”

मग साऱ्या गल्लीची गॅरेजं उघडली. माणसं बाहेर आली. पातेल्यापुढं रांग लागली आणि एकेकानं वाकून वास घेतला. निम्मे म्हणाले येतो, निम्मे म्हणाले येत नाही. दोन्हीकडचे लोक दोन बाजूंना उभे राहिले. एका म्हातारीनं दोनदा वास घेतला आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं, त्यावरून आणखी जुंपली. मनोहरचं ऊर भरून आलं. “शुभा, बाहेर ये! गाव झालं बघ आपलं!”

सुचित्रानं मीटिंगमध्ये स्लाइड लावली. पातेल्याआधी भांडणं शून्य, पातेल्यानंतर लाल रेघ वर चढत गेलेली.

“सॉरी काका. पातेल्यानं कम्युनिटी तुटते.”

“आगं बाई, आधी ह्यास्नी एकमेकांची नावंबी म्हाईत नव्हती! भांडायला तरी नाव लागतंय का न्हाई?”

“ते डेटात नाही.”

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. पातेली द्यायची नाहीत. त्याऐवजी, सामायिक वस्तूंवरून होणारे तंटे कसे मिटवावेत, ह्यावर त्या गावात एक शिबिर घ्यायचं. त्याला ग्रँट द्यायची.

एस्नाथबाईंना व्हिडिओ कॉल लावला. दिलेला शब्द गेला, म्हणून मनोहर आपल्या घरी कॅमेऱ्यापासून सरकून अर्धाच दिसेल असा बसला. डॉक्टरांनी इंग्रजीतून सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. राग नाही, की लोभ नाही.

“शिबिर. बरं. माणसं किती बोलावू?”

“जेवढी जास्त तेवढा इम्पॅक्ट,” सुचित्रा म्हणाली.

“मग सगळं गाव येईल. दुपारचं जेवण आहे ना?”

“ऑफ कोर्स. शिबिर म्हटलं की लंच आलाच.”

“हॉटेलातून मागवा,” डॉक्टर उदार होऊन म्हणाले.

“हॉटेल इथून दिवसभराच्या वाटेवर आहे, डॉक्टर. इथंच रांधावं लागेल. कशात रांधू?”

सुचित्रानं फाउंडेशनचे नियम खालीवर केले. शिबिराच्या खर्चात खुर्च्या चालत होत्या. माइक चालत होता. “शिबिराचं साहित्य म्हणून... घेता येईल,” ती चाचरत म्हणाली.

“मग लिहून घ्या. पाच पातेली. मोठी. ढवळायला पळे. आणि माणसं उन्हात बसणार, तेव्हा दोन ताडपत्र्या.”

मनोहरनं घाईनं आपला माइक बंद केला. शुभाकाकू चहा घेऊन आली, तर ह्याचे खांदे गदागदा हलत होते.

“अहो, रडताय की काय?”

त्यानं नुसता हात हलवला.

पडद्यावर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली होती. “पण शिबिर संपल्यावर ह्या पातेल्यांचं काय?”

“धुऊन ठेवू. तुम्हाला परत हवी असली तर न्यायला या.”

“नको, नको! राहू द्या तिथंच!”

“तारीख टाकते,” सुचित्रा म्हणाली. “शिबिर कधी घ्यायचं?”

“कापणी झाली की लगेच,” एस्नाथबाई म्हणाल्या. “माझ्या पुतणीच्या लग्नादिवशी. माणसं जमलेलीच असतील.”