आमच्या ह्यांचा नेम

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. ती उंच, जड काठी अंगावर तोलत चालायची, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. आमचे हे लग्नाआधीपासून त्या मंडळींत. सरावाचे दिवस आले की ह्यांचं अंथरूण माडीवर जायचं, नेम म्हणून. घरची रीतच तशी. यात्रा संपली की ते खाली यायचं आणि मी दुपारपासूनच उगाच गुणगुणायला लागायचे.

एका वर्षी यात्रा संपली तरी अंथरूण माडीवरच राहिलं. "शिवरात्रीपर्यंत नेम धरलाय," म्हणाले. शिवरात्र झाली, मग श्रावण संपेपर्यंत. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "माझं लेकरू लई नेमाचं हाय की." बायका माझ्याकडेही भक्तिभावानं बघायच्या. देवच सवत झाल्यावर भांडायचं कुणाशी?

आरशात मला माझं सुटलेलं पोट दिसायचं. दोन बाळंतपणांनंतर ह्यांचं मन माझ्यावरून उडालं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. एकदा ह्यांचा मोबाइलही तपासला. त्यात कांद्याचे भाव आणि नातेवाइकांचे सुप्रभात, दुसरं काही नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. दुसरी बाई सापडली असती तर निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

नेमाच्या माणसाच्या चेहऱ्यावर म्हणे तेज येतं. हे तर सुकत चालले होते. मार्केट यार्डातल्या आमच्या आडतीवर लिलाव ऐन रंगात आला असताना गादीवर डुलक्या घ्यायचे. पोरांवर विनाकारण खेकसायचे. रोज दाढी लागणारा माणूस, चार-चार दिवस करायचा नाही, तरी गालावर खुंट दिसायचे नाहीत.

पुढचा सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी थोडं चालले आणि काठी कलंडली. बाजूच्यांनी धरली म्हणून बरं. घरी आले ते माडीच्या जिन्यातच बसले. मी पाणी नेलं. "दंडात जोरच न्हाय गं," म्हणाले, आणि तांब्या घ्यायचं सोडून माझं मनगट धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी झोप, साखर, वजन सगळं विचारलं आणि मग सरळच विचारलं, "इच्छा होते का?" हे फरशीकडे बघत राहिले.

"न्हाय. कुणाबद्दलच न्हाय."

त्या 'कुणाबद्दलच'नं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नवरा आजारी आणि मला हायसं वाटतंय, याची लाजही वाटली. रिक्षात बसल्यावर मात्र माझा संताप झाला.

"मला सांगितलं का न्हाई तुमी?"

"काय सांगणार? आदी खरंच नेम होता. मग त्याच्याआड लपत गेलो."

सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा घेतलं. टेस्टोस्टेरॉन नावाचं पुरुषांचं हार्मोन फारच कमी निघालं. कारण शोधायला आणखी तपासण्या झाल्या. अजून मूल हवंय का, असंही डॉक्टरांनी विचारलं, कारण या औषधानं ते अवघड होतं. आम्ही नको म्हणालो. इंजेक्शनं सुरू झाली. महिन्यामहिन्यानं ह्यांच्या अंगात थोडी ताकद आली, हे पोरांशी नीट बोलायला लागले. अंथरूण खाली आलं. पण मधल्या काळात सवय इतकी तुटली होती की आम्ही दोघंही नुसते छताकडे बघत पडून राहायचो.

सासूबाईंचं कौतुक चालूच होतं. एका दुपारी शेजारणीला त्यांनी पुन्हा नेमाचं पुराण सांगितलं. शेजारीण गेल्यावर हे आईला म्हणाले, "अव्वा, आता बास कर. नेम नव्हता त्यो. आजार हाय मला." आणि काय झालंय, इंजेक्शनं कशाची, ते साध्या शब्दांत सांगून टाकलं.

आता सासूबाई माझ्या नावानं बोटं मोडणार, म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबले.

"तुज्या आप्पानंबी लई वर्सं नेम धरला हुता रे," त्या म्हणाल्या. "तू साळंत जायाला लागलास तवापासून. मी म्हनायची, माज्यातच कायतरी खोट हाय."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंनी मग लेकाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"त्येंचंबी आसंच आसंल का गं?"