घासलेला पंख

कपाट उघडण्याआधी म्हातारा दारावर टकटक करायचा. आत आफ्रिकेतले जुने मुखवटे, लाकडी मूर्ती, पितळी पक्षी. मी हसलो की म्हणायचा, "हसू नका. आपण त्यांच्या घरात शिरतोय." असा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. मी बर्लिनमध्ये एकच पाहिला.

पन्नासचं दशक सरत आलेलं. मी चौथी पास, बोटीवरून हांबुर्गला उतरलेला. पुढे बर्लिनच्या एका म्युझियमच्या कोठारात झाडलोट करायला लागलो. म्हातारा कोठाराचा प्रमुख. त्याच्या सहीने नोकरी पक्की झाली, तरच बायकोला साताऱ्याहून आणता येणार होतं.

दसरा आला. आमचं घर ओताऱ्यांचं, पितळी देव ओतणाऱ्यांचं. सणाला पितळ काळं राहणं म्हणजे लाज. लिंबू आणि राख घेऊन मी एक काळा पक्षी घासायला बसलो. डावा पंख लखलखला, तोच म्हातारा आला.

ओरडला नाही. मटकन खुर्चीत बसला. "तो काळेपणा म्हणजे त्याचं वय होतं. तुम्ही ते पुसलंत."

संपलं, म्हटलं. नोकरी गेली, बायकोचं येणंही गेलं. खोटं बोलण्याइतकं जर्मन येत नव्हतं, म्हणून खरं सांगितलं. "साहेब, आमच्याकडे देव असेच घासतात. माझा बाप असंच ओतायचा. आधी मेणाचा पक्षी, वर माती, मग मेण वितळवून आत पितळ. साचा फोडला की तसा दुसरा नाही. हा बघा, मेण दाबलेलं तिथे कारागिराच्या अंगठ्याचा ठसा."

त्याने भिंग काढलं. बराच वेळ पाहत राहिला. "वीस वर्षं हा पक्षी सांभाळतोय मी. करणारा माणूस आज भेटला." मग बोट उगारून म्हणाला, "उजव्या पंखाला हात लावून तर बघा!"

वरच्या साहेबांपासून त्याने काही लपवलं नाही. शिकवायला मी कमी पडलो, म्हणाला. आणि माझ्या कागदावर सही केली. जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

बायको आल्यावर तिला पक्षी दाखवला. "अहो, अर्धाच घासून ठेवलात? आळशी कुठले!" मी जर्मनमध्ये सांगितलं, तर म्हातारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "नको, नको! यांना पुन्हा कोठारात आणू नका."

तो गेला त्याला खूप वर्षं झाली. यंदा हीही गेली. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू? पण ती इथे आली, माझ्याबरोबर म्हातारी झाली, हे तर झालं ना. डोळे मिटले की ती पहिल्यांदा बर्लिनला गाडीतून उतरताना दिसते, नऊवारीवर पुरुषी कोट घातलेली. तिची ट्रंक उचलून म्हातारा पुढे चाललाय, आणि मागे वळून मला दटावतोय, "अहो, हात धरा त्यांचा! बर्फ आहे."