पंखातला हात

सिंधीपुऱ्यातल्या आमच्या शेडमधून यंत्रमाग निघाले आणि त्या जागी पप्पांनी विमान मांडलं. दोन माणसांचं, खोक्यांतून सुट्या भागांत आलेलं किट. शेजारी विचारायचे, उडवणार कुठून, की केळीच्या ट्रकमध्ये घालूनच नेणार? पप्पा हसायचे. मला राग यायचा, कारण सगळे फक्त त्यांनाच विचारायचे.

काम रोज तेच. पप्पा बाहेरून हवेच्या बंदुकीने पत्रे जोडणारे रिवेट ठोकायचे आणि आई आतून त्याच रिवेटच्या टोकाला लोखंडी ठोकळा टेकवून धरायची. पंखाच्या त्या सांदीत डोकं जात नाही, फक्त बारीक हात जातो. दोन वर्षं तो हात आईचा होता. रिवेट नीट बसला की तिरपा दबला, हे तिला तळहातात कळायचं.

उजव्या पंखातले सात रिवेट तिरपे आहेत, काढा, असं एक दिवस ती म्हणाली. पप्पा म्हणाले, वरून एकदम बराबर दिसतंय, चल जाएगा. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते, पप्पांना घाई होती. आईने ठोकळा खाली ठेवला.

"अहो, यात बसून तुम्ही वर जाणार. हे असं मी नाही धरणार."

ती हात धुवायला गेली आणि पप्पांनी मला हाक मारली. माझाही हात बारीक.

या माणसाने माग कामगारांसाठी आयुष्यभर पत्रकं काढली होती. त्या पत्रकांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. मी म्हटलं, "संपावर गेलेल्याच्या जागी उभं राहू नये, हे तुम्हीच लिहिलंय."

"हा कारखाना नाही, घर आहे."

म्हणजे घरात सगळं माफ. मी हलले नाही.

पप्पांनी स्वतः हात घालून पाहिला. मनगटापुढे गेला नाही. दोन दिवस शेडमध्ये काम बंद होतं. शेवटी त्यांनी साहेबांना आठवडाभराने या म्हणून कळवलं आणि ड्रिलने रिवेट काढले. सातही तिरपे. नवे बसवताना आईने ठोकळा पुन्हा धरला. तुझं खरं होतं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

साहेब आले तेव्हा आई चहा घेऊन उभी होती. पप्पा सांगत होते, मला वरूनच शंका आली होती.

"शंका आईला आली होती," मी म्हटलं. "यांनी तर चल जाएगा म्हटलं होतं."

साहेबांनी आईला विचारलं, अजून कुठे शंका आहे का? तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती डाव्या पंखाकडे गेली.