बाप्पापुढं न बुडालेली फ्रेंच बोट

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. सातवीला विज्ञान शिकवणारी बाई मी! वस्तू का तरंगते, का बुडते, हे शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत गोडादऱ्याला आमच्या सोसायटीचा गणपती. माझा दीर संजू युद्धाच्या पुस्तकांनी पार खुळावलेला. त्या वर्षी देखाव्याला त्यानं दुसऱ्या महायुद्धातली एक फ्रेंच क्रूझर, म्हणजे लढाऊ जहाज, घेतली. नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे 'फ्रेंच बोट'च म्हणायचे. तिनं सैनिकांच्या जहाजांना सोबत केली, देशाचं सोनं समुद्रापार पोचवलं आणि शेवटी जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून तिच्याच खलाशांनी तिला बंदरात बुडवलं. शत्रूनं वर काढली, तर बॉम्ब पडून पुन्हा बुडाली, बिचारी!

संजूनं पत्र्याची बोट करून मांडवातल्या पाण्याच्या हौदात सोडली. पोटात लोखंडी वजनं, तळाला बूच. कॅसेटवर माझ्या आवाजात निवेदन. ते संपत आलं की पडद्यामागून संजू दोरीनं बूच ओढायचा आणि बोट हौदात गुडुप!

सासूबाई धुसफुसत होत्या. "बाप्पापुढं बोट बुडवतोस मेल्या? तुझं लग्नही असंच बुडेल!" कारण संजूला जिचं स्थळ आलं होतं त्या रेखाचे वडील, बापू, नवागामहून रविवारी त्याला बघायला येणार होते. मुलगा उपद्व्यापी म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी नकार आलेला. त्यात बापू शकुन-अपशकुन मानणारे. आणि रेखा तर संजूच्या मनात भरलेली. शेवटी ठरलं — बापू असेपर्यंत खेळ बंद.

आणि बापू तासभर आधीच आले! कॅसेट चालू होती. बघते तर पुढच्या रांगेत बापू, शेजारी रेखा डोळे मिटून, हात जोडून. मी टेप बंद करणार, तोवर संजूनं बूच ओढलेलं!

पाणी आत शिरलं. डेकवर आलं. तोफा भिजल्या... बोट मात्र खाली जाईना. टेपमधून मी गंभीर आवाजात सांगतेय, "आणि बोट तळाशी गेली," नि समोर ती मजेत तरंगतेय! लोक पोट धरधरून हसले.

बापू तर उठून उभेच राहिले. "हाई बोट बुडत नही रे भो! बाप्पानी धरी ठेयेल शे!" बाप्पानंच धरून ठेवलीय म्हणे! संजू पडद्यामागून घाबराघुबरा बाहेर आला, तर त्याच्या पाठीत दणकन थाप. "पोरगी दिधी तुले!"

पुढच्याच खेळाला तीच बोट, तेच बूच — गुडुप. मी नि संजूनं हौद उपसला, वजनं पाहिली, बोट उलटी करून बघितली. काही नाही.

एवढी वर्षं मी समजत होते की रेखानंच बाप्पाला साकडं घातलं असणार. परवा पुरणपोळ्या लाटताना तिला विचारलं. ती लाटणं टाकून हसायलाच लागली.

"अहो ताई, मी तर 'बुडू दे बाप्पा' म्हणत होते! बोट बुडते कशी ते बघायलाच तर एवढी आले होते मी!"

मग बोट वर धरली कुणी, ते आता तुम्हीच सांगा.